डावी गाठ

मी आयुष्यात मनापासून हेवा केला तो एकाच बाईचा, आणि ती बाई अजून जिवंत आहे. वाशीमला मुलाकडे असते, कान तिचे अजून चांगले आहेत, आणि हे लिहून झालं की मलाच ते तिला वाचून दाखवावं लागणार आहे. म्हणून जरा जपून लिहिते. आमच्या घरात कधी डावं-उजवं झालं नाही असं माझी माय मरेपर्यंत सांगत होती. झालं होतं. आणि ते करणारे बाबा होते, ज्यांच्याबद्दल गावात कुणी वाकडा शब्द ऐकून घेतला नसता.

आमचं गाव रिठदच्या अलीकडचं, फाट्यापासून आत. विहारासमोरच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे गावचं पोस्ट, आणि बाबा गावचे पोस्टमास्तर. पगार बेताचा, मान मोठा. सकाळी तालुक्याहून थैली यायची, दुपारी आमची थैली तालुक्याला जायची, आणि या दोन थैल्यांच्या मध्ये आमचं सगळं घर बसवलेलं होतं. बाबा तारखेचा ठप्पा मारायला लागले की स्वयंपाकघरातली माय त्या आवाजावरून ओळखायची की भाकरी टाकायला घ्यायच्या का अजून थांबायचं. गिरणीची पुकपुक, माळ्यावरच्या पारव्यांचं घुमणं आणि तो ठप्पा. अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला हे तिन्ही आवाज त्याच क्रमानं ऐकू येतात. पोस्टात शाळेसारखी सुट्टीची घंटा नव्हती. चार वाजता मेहबूबचाचांच्या सायकलची घंटी वाजली की थैली बंद झालेली असायला हवी. ते ती हँडलला अडकवून फाट्यावर नेत, तिथून ती जीपनं तालुक्याच्या ऑफिसात जाई.

थैलीचं तोंड सुतळीनं आवळायचं, सुतळीच्या गाठीवर लाख ओतायची आणि लाखेवर पितळी शिक्का दाबायचा. शिक्का बाबांचा, पण लाख माझी. तिसरीत असल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. लाखेची कांडी चिमणीवर धरायची तर ज्योतीच्या फार आत नाही, नाहीतर काजळी धरते आणि लाख काळी पडते. थेंब पडायला आला की कांडी फिरवायची. बाबा शिक्क्याला जिभेनं ओलं केलेलं बोट लावत, म्हणजे तो लाखेला चिकटत नाही, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवत. ती मान हलली की शिक्का दाबायचा. माझ्या भावाला, दादाला, त्यांनी कधी लाखेला हात लावू दिला नाही. तो सांडायचा. मी बारावी पास झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, कुंदे, माह्यानंतर हे टेबल तुहं. हे त्यांनी एकदाच म्हटलं, पण मी ते लाखेत दाबून ठेवलं.

मग दादाचं लग्न झालं आणि रत्नावहिनी आली. दादा वाशीमला एका दुकानात हिशेबनीस होता, खोली मिळेपर्यंत वहिनी आमच्याकडेच राहणार होती. तिचे वडील शेलूबाजारला अडतीवर हमाल. सातवीनंतर शाळा सुटली आणि तीही बापाबरोबर पोत्यांची तोंडं शिवायला जायची. तिच्या रुखवतात चादरी-उशा होत्या तशी एक दाभणही होती, पोती शिवायची, हातभर लांब. मी ती मैत्रिणींना दाखवून हसले होते. आणि ती डावरी होती. भाकर थापायची डाव्यानं, विळीवर चिरायची डाव्यानं. पहिल्याच रविवारी तिनं पातोडीचा रस्सा केला आणि बाबांच्या ताटात डाव्या हातानं वाढला. माय म्हणाली, उजव्यानं वाढ, पोरी. वहिनीनं पळी उजव्या हातात घेतली आणि रस्सा ताटाबाहेर सांडला. मला फार बरं वाटलं. पण बाबांनी सांडलेला रस्सा भाकरीच्या तुकड्यानं टिपून तोंडात टाकला आणि म्हणाले, "हात कोनताई असो, चव त जाग्यावर हाये." माझ्या हातच्या पातोडीबद्दल त्यांनी असं काही कधी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझी पातोडी दगड व्हायची, पण त्या वेळी एवढा विचार कोण करतो.

तो उन्हाळा थैलीला वाईट निघाला. आमच्याकडच्या उन्हात लाख मऊ पडायची, निवली की जीपच्या धक्क्यांनी तडकायची, आणि तालुक्याला थैली पोचली की शिक्का फुटलेला. आत सगळं शाबूत असे, एक कार्डही कमी नसे, पण फुटलेला शिक्का म्हणजे फुटलेला शिक्का. 'तोंड सैल आले, खुलासा करावा,' असा शेरा यायचा. बाबा तो शेरा दोनदा वाचत, चष्मा पुसत आणि चांगल्या अक्षरात खुलासा लिहीत. तिसऱ्या शेऱ्यासोबत निरोप आला की आता आणखी एक झालं तर चौकशी लागेल आणि तोवर पोस्ट दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. गावात पोस्ट दुसऱ्याकडे गेलं असतं तर लोकांनी चोरीशिवाय दुसरं कारण शोधलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा थैलीचं तोंड आपणच नीट बांधायचं असं बाबांनी ठरवलं. तालुक्याच्या साहेबांना त्यांनी विचारून घेतलं. साहेब भला माणूस, म्हणाला, काही सुचलं तर करून पाठवा, मी समोर बसून उघडून बघतो. बाबांनी जेवताना हे सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं, याबद्दल मला आजही शंका नाही.

मी आठ दिवस वहीत आकृत्या काढल्या. माझी युक्ती अशी होती: लोखंडाच्या दोन चपट्या पट्ट्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला कडी-कोयंडा. मधे थैलीचं तोंड धरायचं आणि बारकं कुलूप घालायचं. एक किल्ली आपल्याकडे, एक तालुक्याला. लाख नको की शिक्का नको. लोहाराकडे दोन दिवस बसून मी ती करून घेतली. बाबांनी पट्टी हातात घेतली, वजन पाहिलं, कुलूप लावलं, थैली उलटी करून झटकली. काही पडलं नाही. बाबांचा चेहरा उजळला. मायनं ओढून पाहिलं, मेहबूबचाचांनी ओढून पाहिलं. दारात वहिनी पीठ भरल्या हातांनी उभी होती. बाबा म्हणाले, रत्ना, तूही ओढून पाय ना.

तिनं आधी हात धुतले. मग थैलीजवळ बसून पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं. बिजागरीपाशी कापडाची एक सैल चुणी राहते, तिथं ती थांबली, आणि डाव्या हाताची बोटं मिटून बांगड्यांसकट मनगटापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांत एक पोस्टकार्ड होतं. माय मोठ्यानं हसली. वहिनी हसली नाही, तिनं ते कार्ड बाबांसमोर जमिनीवर ठेवलं आणि चुलीकडे गेली. ती हसली असती तर मी तिला कधीतरी माफ केलं असतं. माझी पट्टी पुढं न्हाणीघराच्या दाराला लागली. मी त्या घरातून लग्न होऊन निघेपर्यंत रोज आंघोळीला जाताना तीच कडी लावायची.

दोन दिवसांनी बाबांनी स्वतःहून तिला विचारलं. अडतीवर पोत्यातला माल वाटेत कुणी काढू नये म्हणून काय करतात? तिनं दाभण आणली. थैलीचं तोंड तिनं दोनदा दुमडलं, पोत्याचं दुमडतात तसं, आणि दुमडीतून दोरी टाका-टाका करत ओवली. बाबांनी नंतर तालुक्याच्या मोच्याकडून त्या टाक्यांच्या जागी पितळेचे डोळे बसवून घेतले, बुटाला असतात तसे, म्हणजे रोज कापड टोचायला नको. दोरी ओढली की दुमडी अशी मिटायची की काडी आत जाणार नाही. मग दोरीची दोन टोकं घेऊन ती एक गाठ मारायची, तिच्या बापाची, तीन वेढ्यांची. आता उरला शिक्का. उघड्या गाठीवर लाख ओतली की धक्क्यानं तडकणारच. वहिनी उठून आपल्या पेटीकडे गेली आणि काजळाची पितळी डबी घेऊन आली, लग्नातली. तिच्या बुडाला बाबांनी खिळ्यानं दोन भोकं पाडली. गाठीच्या वर उरलेली टोकं त्या भोकांतून डबीत घ्यायची, आत एकमेकांत अडकवायची, आणि डबीभर लाख ओतून शिक्का मारायचा. लाख डबीच्या कुशीत बसली. बाबांनी थैली ओट्यावरून तीनदा आपटली आणि शिक्क्याला चरा पडला नाही.

त्या रात्रीपासून तिच्या डोळ्यांत काजळ नव्हतं, आणि बाबांच्या तोंडी रत्ना-रत्ना सुरू झालं. लाख अजून मीच वितळवत होते, पण बाबा आता माझ्याकडे बघून मान हलवत नव्हते. त्यांची नजर तिच्या गाठीवर असायची. ती झोपली असताना मी तिचे हात बघत बसायची. साधे हात होते, सुतळीनं घट्टे पडलेले.

तीन दिवस थैल्या शाबूत पोचल्या. चौथ्या दिवशीची थैली साहेब स्वतः उघडणार होते. त्या दिवशी तीन रजिस्टर पत्रं होती, यादीत तिघांची नावं होती. दोन वाजता थैली बंद झाली आणि बाबा जेवून आडवे झाले. माय झोपली. वहिनी मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी डाळ निवडायला बसले होते आणि थैली माझ्यासमोर टेबलाखाली होती. आत एकच विचार होता: ही डबी परक्याला अडवील, पण शिक्का घरातला, लाख घरातली, आणि लाखेची जाणकार मी. तालुक्याला एक पत्र कमी निघालं की या डबीची किंमत कळेल. बाबांची चौकशी लागेल हे मला सुचलं नाही असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. आपणच नंतर ते पत्र कुठंतरी सापडलं म्हणून दाखवू, असंही त्यापाठोपाठ सुचलं होतं.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून टेबलाच्या खणाची किल्ली काढून मी शिक्का घेतला. चमचा चिमणीवर तापवून लाख मऊ केली, टोकं सोडवली, गाठ सोडली. एक रजिस्टर पत्र काढून ज्वारीच्या डब्यात खुपसलं. पुन्हा दोरी ओढली, तीन वेढ्यांची गाठ मारली, डबी बसवली, लाख ओतली, बोट ओलं करून शिक्का दाबला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर शिक्का होता. एकही अक्षर पुसट नव्हतं.

साडेतीनला वहिनी हात पुसत आली. थैली मेहबूबचाचांच्या हातात द्यायच्या आधी ती एकदा बघायची, तशी तिनं पाहिली. शिक्का पाहिलाच नाही. गाठीवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून राहिली. मी डाळीतले खडे वेचत होते, आणि खडे संपले तरी वेचत होते. मग माझ्याही ध्यानात आलं. तिच्या गाठीचे वेढे डावीकडून चढायचे. माझे उजवीकडून चढले होते. चार दिवस मी ती गाठ डोळे फाडून पाहिली होती, वेढे मोजले होते, आणि ती कोणत्या हाताची आहे हे मात्र पाहिलं नव्हतं.

तिनं थैली उचलून स्वयंपाकघरात नेली. माय जागी होऊन काय गं म्हणाली, तर तिनं सांगितलं, लेबल वाकडं झालं, नीट करतो. आत तिनं डबीतली लाख फोडली, यादी काढली, पत्रं मोजली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"द्या, कुंदाबाई."

मी काय म्हणून विचारलं. तिनं फक्त डावा हात पुढं केला. बाहेर गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. मी उठले, ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पत्र काढून दिलं. पाकिटावर ज्वारीची धूळ लागली होती, ती तिनं पदरानं पुसली. मग आम्ही दोघींनी थैली बंद केली. ती गाठ मारत होती, मी लाख धरली होती, आणि घंटीकडे कान देताना माझी कांडी फिरवायची राहिली, तेव्हा एक थेंब तिच्या डाव्या तर्जनीवर पडला. तिनं तशीच गाठ आवळली. तो डाग अजून आहे. आणि तो थेंब मी मुद्दाम पाडला नव्हता, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे, कारण बाकी सगळं मी मुद्दाम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा तालुक्याहून पेढे घेऊन आले. साहेबांनी डबी उलटसुलट पाहिली, थैलीच्या पितळी डोळ्यांतून काडी घालून पाहिली, हे कुणाचं डोकं म्हणून विचारलं, आणि बाबांनी मोठ्या ऑफिसात सगळ्यांदेखत सांगितलं, आमच्या सुनेचं. साहेबांनी वर लिहितो म्हटलं. वरून काही आलं नाही. वर्ष-दीड वर्षानं नव्या थैल्या आल्या आणि डबी परत घरी आली. पण शेरे थांबले ते थांबलेच, आणि बाबा पूर्ण वय होईपर्यंत त्या टेबलाशी बसले. पेढे वाटताना ते म्हणाले, "आपल्या घरात पोरगी आली." मी हातात पेढा घेऊन उभी होते. घरात पोरगी होतीच की.

पुढं मी स्वतः पोस्टात लागले, त्या टेबलाशी नाही, दुसऱ्या गावी. नोकरीत हजारो थैल्या उघडल्या. आताच्या थैल्यांना प्लास्टिकचं नंबरी सील असतं, कटरनं कापलं की संपलं. तरी निवृत्त होईपर्यंत माझी नजर शिक्क्याआधी गाठीवर जायची. वहिनीनं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. बाबांना नाही, दादाला नाही, मला टोमण्यातसुद्धा नाही. आणि तिच्या गाठीपेक्षाही या गोष्टीचा मला जास्त हेवा वाटला. तिनं सांगितलं असतं तर मार खाल्ला असता, रडले असते, फिटलं असतं. पण चांगुलपणातही बाई माझ्यापुढं गेली, आणि तिथं तिला गाठायचा काही रस्ताच नव्हता. बाबा गेले तेव्हा ती त्यांच्या पायाशी बसून जे रडणं रडली, त्याचाही मी हेवा केला. आता काय लपवायचं.

गेल्या पावसाळ्यात वहिनीला लकवा झाला. डावी बाजू गेली. मुलगा-सून दोघं नोकरीवर, म्हणून महिनाभर मी वाशीमला जाऊन राहिले. रोज सकाळी तिला आंघोळ घालायची, साडी नेसवायची. पहिल्या दिवशी मी परकराची नाडी बांधली तर तिनं मान खाली घालून पाहिलं आणि म्हणाली, उलटी बांधली तुमी. मी हसले, तीही अर्ध्या तोंडानं हसली. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिच्या सवयीच्या उलट बाजूला टोक यायचं आणि ते तिला सापडायचं नाही. चौथ्या दिवशी नाडी हातात धरून मी तशीच तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, त्या दिवशी बाबाले काहून नाई सांगतलं, वहिनी?

कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. बोलायला तिला वेळ लागायचा.

"मी चार महिन्याची सून," ती म्हणाली. "मी सांगतलं असतं अन् तुमी रडल्या असत्या, त खरं कोनाचं झालं असतं? शिक्का तुमच्या घरचा. यादी मी उघडली. पत्र माह्या हातात. लोकं म्हनले असते हमालाच्या पोरीनंच काढलं. भेली होती मी, कुंदाबाई. लय भेली होती."

मी म्हटलं, मी त्याला तुझा चांगुलपणा समजत होते.

"चांगुलपना कायचा," ती म्हणाली, "मले त्या घरात राहाचं होतं."

ज्याचा मी जन्मभर हेवा केला ते तिच्याजवळ कधी नव्हतंच, आणि जे होतं ते भय होतं, माझं. माझ्याच घरात मी उपरी झाले म्हणून मी जळत होते, आणि ती माझ्याकडे बघून रोज हाच हिशेब करत होती की ही आपल्याला बाहेर काढील. ती पंचविशीतही नव्हती. मला माझी लाज वाटली.

मग मी नाडीचं टोक डाव्या हातात घेतलं. माझं बोट वळेना. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा गुंता झाला, तो तिनं उजव्या हाताच्या नखानं सोडवून दिला. तिसऱ्यांदा वेढे डावीकडून चढले. तिनं मान खाली घातली, त्या डागाच्या बोटाला उजव्या हातानं उचलून गाठीवर ठेवलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"सैल हाये," ती म्हणाली. "पन बरोबर हाये."